काळीज नासते ते एकट्या दारूने नव्हे



पावसाळा लागला की दाभोशाच्या धबधब्यावर मुंबई-नाशिकच्या गाड्यांची रांग लागते. लेंडी नदी कड्यावरून कोसळताना बघायला माणसे येतात, येताना भरल्या बाटल्या आणतात, जाताना रिकाम्या कातळावर फोडून जातात. त्यांना कोणी दारुडे म्हणत नाही. ते पर्यटक. आमचा पाड्यावरचा माणूस मात्र पिवळे डोळे आणि फुगलेले पोट घेऊन दवाखान्याच्या दारात उभा राहिला की तपासणीच्या आधीच निदान तयार असते. आदिवासी आहे ना? मग दारूच!

माझे थोरले चुलते या निदानावरच गेले. उभ्या जन्मात त्यांनी थेंब घेतला नव्हता. लग्नकार्यात लोक पाहिजे तेवढे हसले तरी नाही. शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात त्यांच्या कागदावर दारूचे व्यसन लिहिले गेले. काकी म्हणाली, "सायेब, यांनी कंदी घेतली नाय." साहेबांनी मान वर केली नाही. पुढे दुसऱ्या ठिकाणी रक्त तपासले तेव्हा ब प्रकारची कावीळ निघाली. तोवर यकृताचा दगड झाला होता.

यकृत म्हणजे काय ते बोकड कापणाऱ्याला सांगावे लागत नाही. तीच कलेजी. माणसाच्या उजव्या बरगडीखाली ती दीड किलोच्या आसपास भरते. आतड्यातून निघालेले रक्त आधी तिच्यातून गाळून जाते. अन्नातले सत्त्व ती साठवते, विष मोडते, पित्त करते, जखमेचे रक्त थांबवणारी द्रव्ये करते. आणि ती फार सोशिक आहे. अर्धीअधिक निकामी झाली तरी तक्रार करत नाही; माणूस नांगर धरतो, आवणी करतो, भारे वाहतो. तक्रार करते तेव्हा वेळ गेलेली असते. पोटात पाणी भरते, पाय सुजतात, हातपाय काटक्या होतात. रक्ताची उलटी होते. शेवटी विष मेंदूत चढते. माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, पोटच्या पोराला ओळखत नाही. गावात म्हणतात, बाहेरचे लागले.

ब कावीळ दारूने होत नाही. तिचा विषाणू रक्तातून जातो, आईकडून बाळंतपणात बाळाला जातो आणि एकाची सुई दुसऱ्याला टोचली की जातो. आपल्याकडे पिशवी घेऊन फिरणारे इंजेक्शनवाले किती आहेत ते प्रत्येक पाड्याला ठाऊक आहे. ताप आला सुई, अंग दुखले सुई, आणि सुई दिली नाही तर तो डॉक्टर कसला, असे आपणच म्हणतो! २००९ साली गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात मोडासा भागात वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने ही कावीळ पसरली आणि डझनावारी माणसे मेली. या विषाणूवर लस आहे. बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत पहिला डोस मिळाला तर आईचा विषाणू बहुधा अडतो. पण पावसात ओहोळ भरला, बाळंतपण घरीच झाले, तर चोवीस तासांत लस घेऊन येणार कोण? २०१८ पासून देशात काविळीच्या तपासणीचा आणि फुकट औषधाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. गोळी विषाणू मुळासकट उपटत नाही, पण दाबून धरते. चुलत्यांना ती वेळेत मिळाली असती तर यकृत इतक्या थराला गेले नसते. पण दारूचा शिक्का बसलेल्याचे रक्त तपासायला वेळ कोणाला?

दुसरी कावीळ पाण्याची, ई प्रकारची. ती घाणीतून पाण्यात, पाण्यातून पोटात जाते. बहुतेकांची आपोआप बरी होते, म्हणून श्रेय भगताच्या माळेला आणि चुन्याच्या पिवळ्या पाण्याला मिळते. गरोदर बाई मात्र शेवटच्या महिन्यांत सापडली तर पाचांत एकीपर्यंत दगावतात. २०१२ साली इचलकरंजीत ही कावीळ पसरली तेव्हा वर्तमानपत्रांचे रकाने भरले. आपल्या झऱ्यावर कोण येतो? अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस अंगावर घेणाऱ्या मुलखात मे महिन्यात बाया खड्डा उकरून वाटीने हंडा भरतात. आणि याच मोखाड्यात कोचाळ्याजवळ उभ्या राहिलेल्या मध्य वैतरणा धरणातून २०१४ पासून मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी जाते. मुंबईकराने पाणी प्यावे, आमचे भांडण त्याच्या घोटाशी नाही. पण धरण ज्यांच्या तालुक्यात, त्यांनी गढूळ का प्यावे?

आणि भूक. १९९२-९३ साली वावर-वांगणीत पोरे मेली तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला, मंत्र्यांच्या गाड्या आल्या, गेल्या. सुजलेल्या कुपोषित पोराचे यकृतही चरबीने भरून मोठे झालेले असते, कारण चरबी बाहेर वाहून न्यायला लागणारी प्रथिने पोटात गेलेलीच नसतात. त्या पोरांनी काय दारू प्याली होती? १९७४ साली बांसवाडा आणि पंचमहालच्या भिल्ल गावांत पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन ३९७ जण यकृताच्या रोगाने आजारी पडले, त्यातले १०६ मेले. तोच मका खाणारी कुत्रीही मेली. त्यांना कोणी दारुडे म्हटले नाही एवढेच.

आता दारूचे बोलू, कारण ते टाळले तर आपणच खोटे ठरू. दारूने यकृत सडते. आधी चरबी धरते, मग सूज, मग दगड. उपाशी पोटी रोज पिणाऱ्याचे लवकर सडते. काळा गूळ आणि नवसागर घालून गाळलेली दारू तरुण पोरे गिळते आहे. वीटभट्टीवर आठवड्याची खर्ची हातात पडते ती गुत्त्याच्या वाटेवरच. हे आपले पाप आहे, त्याला दुसरा धनी शोधू नये. पण व्यापार कोणाचा ते विचारायला हवेच. १८९२ साली इंग्रजांनी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा केला, आदिवासीच्या घरातल्या मोहफुलांवर बंधने घातली. आमचे काळीज वाचावे म्हणून? छे! ठेक्याच्या दुकानातली दारू खपावी आणि महसूल वाढावा म्हणून. आजच्या सरकारची दारूवरची वर्षाची कमाई वीस हजार कोटींच्या वर आहे, आणि २०२५ च्या जूनमध्ये कर वाढवून आणखी १४ हजार कोटींची आशा धरली गेली. यातले किती जव्हार-मोखाड्याच्या रक्ततपासणीवर येतात, एवढा हिशेब कोणी द्यावा.

जव्हार आणि मोखाडा अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने दारूबंदी करण्याचा किंवा विक्रीवर बंधन घालण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. राज्याचे नियम २०१४ साली आले. तो अधिकार बायांनी वापरायचा, पुरुषांनी त्यांच्या पाठीशी उभे राहायचे. मात्र गुत्ता बंद झाला म्हणजे काविळीचे काम संपले, असे साहेबांना म्हणू द्यायचे नाही.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक पाड्याने एक कागद आणावा. पिण्याच्या पाण्यात टीसीएल पावडर शेवटची कधी पडली. गेल्या वर्षात जन्मलेल्या किती बाळांच्या कार्डावर काविळीचा पहिला डोस लिहिला आहे. पिवळे डोळे आणि फुगल्या पोटाने कितीजण गेले, आणि त्यातल्या कितींचे रक्त तपासले होते. नावे नकोत, आकडे हवेत. लिहिणारा नसेल तर शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्या. कागद आदल्या दिवशी पोचला तर बरे, म्हणजे बैठकीत वाचायला बसायला नको.