आद्याक्षरांच्या आड अडकलेली मजुरी

मजुराने सहा दिवस माती उपसली, हजेरीपटावर नाव लागले, कामाचे मोजमापही झाले. मजुरी मात्र खात्यावर आली नाही. तालुक्याला चौकशीस गेल्यावर त्याला सांगण्यात आले, "एफटीओ रिजेक्ट आहे, आधार इनॅक्टिव्ह दाखवतंय." गेल्या काही वर्षांत ग्रामीण रोजगार हमीच्या कामांत लक्ष घालणाऱ्या ज्या कार्यकर्त्याने हे वाक्य ऐकले नाही, असा विरळाच. उत्तर मिळाले म्हणून मजूर परत फिरतो. त्या उत्तरातला एकही शब्द त्याच्या घरचा नसतो. आणि खरे सांगायचे तर ते ऐकवणाऱ्या कारकुनालाही त्याचा अर्थ पुरता ठाऊक असतोच असे नाही.

ह्या शब्दांची फोड करून पाहिली पाहिजे. एफटीओ म्हणजे अमुक रक्कम अमुक खात्यात भरा असे सांगणारा, संगणकावर निघणारा आदेश. 'इनॅक्टिव्ह आधार' हा शब्दप्रयोग त्याहून फसवा. ऐकणाऱ्याला वाटते, आपले कार्डच निकामी झाले. एका दिवसाचा रोजगार बुडवून तो आधार केंद्र गाठतो, तेव्हा कार्ड ठणठणीत असल्याचे कळते. दोष बहुधा निराळ्याच जागी असतो. बँकेचे खाते आणि आधार क्रमांक यांची जोड नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या नोंदीत नीट झालेली नसते. चूक यंत्रणेची, आणि नाव मजुराच्या कार्डाचे! १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारमार्फतच देण्याची सक्ती झाली आणि ह्या एका शब्दाचे मोल कोट्यवधी घरांच्या चुलीशी बांधले गेले.

एफटीओ हा शब्द समजून घेण्याला आणखी एक कारण आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याखाली हजेरीपट बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी मिळणे हा मजुराचा हक्क होता. उशीर झाल्यास थकलेल्या रकमेवर दर दिवशी ०.०५ टक्के भरपाई होती. प्रत्यक्षात भरपाईचा हिशेब एफटीओवर सही होईपर्यंतच होई. त्यापुढे पैसे दिल्लीहून यायला कितीही दिवस लागोत, ते दिवस कोणाच्याच खाती मांडले जात नसत. १८ मे २०१८ रोजी स्वराज अभियानाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली. पण ज्याला एफटीओ म्हणजे काय हेच उमगलेले नाही, त्याला 'उशीर कोणत्या टप्प्यावर झाला?' हा प्रश्न विचारता येत नाही. आणि न विचारलेल्या प्रश्नाची भरपाई कोणतेही सरकार आपण होऊन देत नाही.

हे दुखणे नवे नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' पूर्ण केला, तेव्हा कागद आणि लेखणी ज्याच्या हाती तो अक्षरशत्रू कुणब्याला कसा नागवतो याचे चित्र त्यांनी त्यात उभे केले होते. कुलकर्ण्याच्या दप्तराची जागा आता पडद्याने घेतली आहे, इतकेच.

मात्र सरकारी शब्द कायम परकाच राहतो असेही नाही. 'सातबारा' म्हणजे वस्तुतः काय? गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, हे दोन फॉर्मांचे क्रमांक! त्याइतका कोरडा शब्द शोधून सापडायचा नाही. पण तो शेतकऱ्याच्या जमिनीशी, कर्जाशी, भाऊबंदकीशी असा जडला की 'सातबारा कोरा करा' ही मोर्च्यातली घोषणा झाली. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्काच्या पायरीवर आलेली रोजगार हमी योजना लोकांच्या तोंडी 'रोहयो' झाली, तीही आद्याक्षरेच. फरक असा की तिच्यामागे खडी फोडणाऱ्या बायकांनी घातलेले घेराव होते.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना येथे पहिली जनसुनवाई घेतली, त्याची ह्या संदर्भात आठवण होते. तेथे भाषणांपेक्षा कागद वाचण्याला मान होता. हजेरीपट, बिले, पावत्या गावासमोर मोठ्याने वाचल्या गेल्या. आमच्या मते माहितीच्या अधिकाराचे बीज 'ह्या कागदात काय लिहिले आहे?' ह्या साध्या सवालातच आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणला. त्याचे लघुरूप 'व्हीबी–जी राम जी'. आधी अक्षरे ठरवून मग त्यांत बसतील असे शब्द हुडकले असावेत, असेच ते नाव वाचून वाटते. नावावर वाद घालणे सोपे असते, आणि गांधीजींचे नाव पुसले गेले याचा संताप रास्तच आहे. परंतु १०० ऐवजी १२५ दिवसांच्या आश्वासनाशेजारीच बहुतेक राज्यांनी ४० टक्के खर्च सोसावा अशी तरतूद आहे. ती दोन आकड्यांची गोष्ट कार्यकर्त्याने मजुराला समजावून दिली नाही, तर राज्याची तिजोरी रिकामी असल्याचे कारण पुढे करून काम नाकारले जाईल तेव्हा तो पुन्हा निरुत्तर होईल.

येथे थोडे आपल्याही घरात पाहावे. आपली परिपत्रके, आपले ठराव सामान्य माणसाला कितपत कळतात? अभ्यासवर्गात नवा तरुण तिसऱ्या दिवशी येईनासा होतो, त्याचे कारण पुष्कळदा आपल्या भाषेत असते. आपण ते त्याच्या निष्ठेत शोधतो. न कळणाऱ्या शब्दाचा अर्थ विचारणाऱ्याला आपणही कधी कधी हसतो.

१९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्याचा कारभार मराठीत चालावा असे ठरवले आहे. तेव्हा मजुरी अडली की तोंडी उत्तरावर समाधान न मानता कारण लेखी आणि मराठीत मागावे. कोणत्या कार्यालयात, कोणत्या तारखेस, कोणी दुरुस्ती करायची हे त्यात लिहून घ्यावे. तसे कागद जमतील तेव्हा ते ग्रामसभेत मोठ्याने वाचावेत, आणि ग्रामसेवकाला त्यातल्या प्रत्येक आद्याक्षराचा अर्थ तेथेच, सर्वांसमक्ष सांगायला लावावा.