तो दगड तिथेच राहू द्या

ओला असताना लालबुंद दिसलेला दगड घरी आणून वाळला की मातकट होतो. अर्धा रंग पाण्याचाच असतो. तरी आपण खिसे भरतो, बरणी सजवतो, फोटो टाकतो आणि पोरांनाही शिकवतो: समुद्रावर गेलं की काहीतरी उचलून आणायचं.

या सवयीशी माझं भांडण आहे.

मुंबईत हाजी अली, वरळी, कार्टर रोडला ओहोटीत काळा कातळ उघडा पडतो आणि त्याच्या खळग्यांत पाणी अडकतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात लांब जातं, तेव्हा वीतभर डबक्यातही समुद्रफुलं, खेकडे, गोगलगायी सापडतात. दगडाची खालची बाजू ओली, सावलीची. उन्हापासून वाचायला कितीतरी जीव तिथेच चिकटलेले असतात. दगड उलटा टाकून पुढे गेलात की ते भाजतात. रिकामा शंखही रिकामा नसतो. शंखात बिऱ्हाड करणाऱ्या खेकड्याचं ते पुढचं घर असतं.

कातळावरची कालवं काढणाऱ्या कोळणींकडे बोट दाखवू नका. त्यांचं पोट त्यावर आहे. तुमच्या बरणीवर कुणाचंच नाही.

तुम्ही म्हणाल, किनाऱ्यावर अख्खा कोस्टल रोड उभा राहिला आणि उपदेश आम्हाला, एका दगडाचा? बरोबर आहे, दोन्हींची तुलनाच होत नाही. पण आठवा: २०२० मध्ये त्या रस्त्यासाठी हाजी अली आणि वरळीची प्रवाळं उचलून दुसरीकडे लावली गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळं वाघाच्याच अनुसूचीत आहेत. मुंबईत प्रवाळं आहेत, हे मात्र अनेकांना त्या बातमीनेच कळलं. तोवर शहराला तिथे नुसते दगड दिसत होते. आणि ज्याला नुसते दगड दिसतात, तो ते खिशात घालतो, नाहीतर त्यांच्यावर भराव टाकतो. माप वेगळं, नजर तीच.

ही नजर बदलणं आपल्या हातात आहे. फोनवर ओहोटीची वेळ बघा. एका डबक्यापाशी दहा मिनिटं उकिडवे बसा. दगड उचललाच, तर त्याच जागी, त्याच बाजूने अलगद ठेवा. पाणी फिरायच्या आत निघा, रिकाम्या खिशाने. मग पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "तिथे काय, नुसते खडक," तर काय काय आहे ते एकेक नाव घेऊन सांगता येईल.