शिक्षकाच्या खांद्यावर आणखी एक ओझे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एखादी दुःखद चौकट येतेच; पाठोपाठ प्रश्नही येतो : शाळेतल्या शिक्षकांना काहीच कसे कळले नाही? २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातले. तेव्हा प्रश्न रास्त आहे. 'शिक्षकांना प्रशिक्षण द्या, म्हणजे झाले' हे त्यावरचे ठरीव उत्तर मात्र तपासून घ्यायला हवे.

युरोपातल्या दहा देशांतील १६८ शाळांचा एक अभ्यास २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षकांना केवळ धोक्याची लक्षणे ओळखायला शिकवून तेथे फारसा फरक पडला नाही. जेथे खुद्द मुलांशीच ताण, निराशा आणि मदत मागणे यांविषयी मोकळेपणी बोलले गेले, तेथे आत्महत्येचे प्रयत्न जवळपास निम्म्याने कमी झाले. गोव्याच्या 'संगाथ' संस्थेचा बिहारमधला अनुभव तर अधिकच बोलका आहे. नालंदा जिल्ह्यात एकच उपक्रम काही शाळांत शिक्षकांनी राबवला, तर काहींत त्याचसाठी नेमलेल्या, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांनी. समुपदेशकांच्या शाळांत मुलांमधले नैराश्य आणि दादागिरी घटली. शिक्षकांच्या शाळांत जवळजवळ काहीच हलले नाही.

म्हणजे शिक्षक निरुपयोगी? मुळीच नाही. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीचे काम सांभाळणाऱ्या माणसावर आणखी एक काम लादले की ते कागदावरच उरते, एवढाच माझ्या मते याचा अर्थ. रोज तेच चेहरे पाहणे मात्र त्याच्याच वाट्याला येते. पुढच्या बाकावरची मुलगी आठवडाभर मागे का बसते आहे, हे समुपदेशकाला कसे कळावे? अशा वेळी तिला बाजूला घेऊन, 'जीव नकोसा वाटतो का?' असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही भीती निराधार आहे. आणि नापासांची नावे भर वर्गात वाचू नयेत. (यालाही प्रशिक्षण लागावे?)

उत्तर 'हो' आले तर मुलाला एकटे सोडायचे नाही, हे खरे. पण सोपवायचे कुणाकडे? मेख येथे आहे. 'टेलिमानस'चा १४४१६ हा दूरध्वनी अहोरात्र चालू असतो. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी पात्र समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले आहे. तालुक्याच्या गावातल्या अनुदानित शाळेत त्याचा पगार कुणी द्यायचा, हे आधी ठरायला हवे.