गाडी परत बोलावली आहे, पण ऐकणार कोण?

पाठ दुखते म्हणून मागे एक व्हॅनवाले दवाखान्यात आले होते. गोबरवाहीकडच्या खेड्यांतून ते तुमसरच्या शाळेत मुले आणतात. तपासून झाल्यावर त्यांनी मोबाइल पुढे केला. इंग्रजीत काहीतरी आले आहे, जरा वाचून सांगा म्हणाले. गाडी बनवणाऱ्या कंपनीचा निरोप होता. ठराविक काळात तयार झालेल्या गाड्यांच्या एका भागात दोष असू शकतो, जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर गाडी दाखवा, गरज पडल्यास भाग विनामूल्य बदलून मिळेल, असा मजकूर. तारीख पाहिली तर निरोप येऊन चार महिने झाले होते. मी अर्थ समजावून सांगितला. त्यावर ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गाडी तर मस्त चालून राहिली. मंग कायले एक दिवस खराब करू?"

हे उत्तर मला नवीन नाही. रक्तदाब १८० झालेले रुग्ण हेच सांगतात. "मला काही त्रासच होत नाही, गोळी कशाला घेऊ?" रक्तदाब दुखत नाही आणि आतून कमकुवत असलेले लोखंडही दुखत नाही. दोन्ही गोष्टी कळतात त्या एकदम, आणि कळतात तेव्हा फार उशीर झालेला असतो.

यालाच मोटारीच्या धंद्यात 'रिकॉल' म्हणतात, म्हणजे विकलेली गाडी दुरुस्तीसाठी परत बोलावणे. आपल्या मुलांशी थेट संबंध असलेले एक उदाहरण सांगतो. २४ जुलै २०२३ रोजी मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको या दोन मॉडेलच्या ८७,५९९ गाड्या परत बोलावल्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात त्या तयार झाल्या होत्या. संशय होता स्टिअरिंगच्या टाय रॉडच्या एका भागावर. स्टिअरिंग फिरवले की पुढची चाके वळतात, ती या दांड्यांमुळे. हा भाग क्वचित प्रसंगी तुटू शकतो आणि गाडीवरचा ताबा बिघडू शकतो, असे कंपनीनेच जाहीर केले आणि तपासणी व बदल फुकट करून देण्याचे सांगितले. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाल्यापासून तिची जागा गावोगावी ईकोनेच घेतली आहे. शाळा सुटल्यावर फाटकासमोर जरा उभे राहून मोजा, म्हणजे पटेल.

रिकॉल निघाला म्हणजे ती गाडी वाईट, असा अर्थ काढू नये. जी कंपनी आपणहून दोष सांगते तिचे कौतुकच करायला हवे, दोष दडवणारी खरी घातक. भीती वेगळीच आहे. कंपनीने हाक मारली आणि गाडी गेलीच नाही, तर जाहीर होऊन उपयोग काय?

पुष्कळ पालकांना, आणि मला वाटते काही मुख्याध्यापकांनाही, असे वाटते की आरटीओचे फिटनेस सर्टिफिकेट आहे म्हणजे झाले. फिटनेस आवश्यकच आहे. प्रवासी वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ते घ्यावे लागते. पण तिथे दिवे, ब्रेक, टायर, धूर, स्टिअरिंगची ढिलाई पाहतात. कारखान्यातच कच्चा राहून गेलेला भाग वरून धडधाकट दिसतो. तो कोणत्या गाड्यांत बसवला गेला, हे फक्त कंपनीच्या दप्तरात चासी नंबरावरून कळते. म्हणजे या तपासणीची किल्ली त्या १७ अक्षरी-अंकी नंबरात आहे आणि तो आरसी बुकावर छापलेलाच असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकला किंवा सर्व्हिस सेंटरला फोनवर सांगितला की गाडी यादीत आहे की नाही, हे पाच मिनिटांत समजते.

मग लोक जात का नाहीत? व्हॅनवाल्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. त्यांच्या बाजूने पाहा. व्हॅन बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हाताची असते आणि निरोप जातो पहिल्या मालकाच्या नंबरावर. सर्व्हिस सेंटरला जायचे तर सकाळची आणि दुपारची अशी दोन्ही खेप बुडते. त्यात पालकांचे फोन सुरू होतात. दुसऱ्या दिवशी कोणीतरी महिन्याच्या पैशांतून तेवढे कापूनही घेतो. शिवाय "एका कामाला गेलो तर ते दुसरी चार कामे काढतील" ही धास्ती. ती अगदीच खोटी आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, दवाखान्यांबद्दलही लोक हेच बोलतात. पण रिकॉलच्या कामाला पैसे पडत नाहीत आणि बाकीच्या कामांना नाही म्हणण्याचा अधिकार मालकाला आहे, एवढे त्यांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

कायदाही आता पाठीशी आहे. २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची केवळ ऐच्छिक संहिता होती. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने कलम ११०-अ आणले आणि एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतील वाहनांत ठराविक प्रमाणात तक्रारी आल्या तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते, दंडही करू शकते. मात्र कायदा कंपनीला भाग पाडेल. गोबरवाहीच्या व्हॅनला सर्व्हिस सेंटरपर्यंत नेऊन सोडणार नाही.

ते काम शाळेने करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलिस आणि आरटीओचे निरीक्षक त्यात असतात. फिटनेस, विमा, लायसन्स, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक हे सारे पाहणे समितीचेच काम. त्याच वहीत प्रत्येक बसचा, प्रत्येक व्हॅनचा चासी नंबर लिहावा. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा वेळही भरपूर मिळतो. संगणक शिकवणाऱ्या शिक्षकाने मे महिन्यात एका दुपारी सगळे नंबर तपासून घ्यावेत. 'व्हॅन आमच्या नाहीत, पालकांनी लावल्या आहेत' असे म्हणून काही शाळा हात झटकतात. फाटकाशी मूल उतरते तुमच्या गणवेशात!

डॉक्टर असून मी मोटारीवर एवढे का लिहितो, असे कोणी विचारील. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, मान नाजूक असते. व्हॅनमध्ये ते पट्ट्याशिवाय, दप्तर मांडीवर घेऊन, कित्येकदा दोन सीटच्या मध्ये फळीवर बसलेले असते. रस्त्यावर डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या खाणींतून मँगनीज घेऊन निघालेले ट्रक, धानाच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्या. अशा वेळी स्टिअरिंगने दगा दिला तर डोक्याला मार लागलेले मूल आमच्या उपजिल्हा रुग्णालयातून भंडाऱ्याला आणि तिथून नागपूरला पाठवावे लागते. या धावपळीत गेलेला वेळ कोणताही सर्जन परत आणू शकत नाही.

बाहेर पडण्याच्या वाटेबद्दलही दोन शब्द. १ जुलै २०२३ च्या रात्री नागपूरहून पुण्याकडे निघालेली बस सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर दाराच्या बाजूवर उलटली आणि पेटली. २५ माणसे गेली. जे वाचले त्यांतले काही काच फोडून बाहेर आले होते. तुमच्या मुलाच्या बसचे संकटकालीन दार उघडते का, की त्याला सीट टेकवून ठेवली आहे? आजच संध्याकाळी विचारा.

त्या व्हॅनवाल्यांचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. मी दोन पालकांशी बोललो, तेही माझेच रुग्ण. त्यांनी एका शनिवारी आपापल्या मोटारसायकलींवर मुले वाटून घेतली. व्हॅन सकाळी गेली, गाडी यादीत निघाली, भाग बदलला आणि संध्याकाळपर्यंत परतही आली. पैसे पडले नाहीत. पाठ मात्र अजून दुखते, कारण सीटमागे उशी लावा म्हणून सांगितलेले त्यांनी अद्याप मनावर घेतलेले नाही.