आधी धुराडं, मग चूल

मंडळी, थंडीने जोर धरला की आपल्या न्यू इंग्लंडमधल्या पॉटलकात दोन विषय हमखास निघतात. एक हीटिंग ऑइलच्या गॅलनचा भाव आणि दुसरा, "आम्ही यंदा वूड स्टोव्ह बसवतोय." मग फोन हातोहात फिरतो. काळंभोर बीड, काचेचं दार, आत नाचणाऱ्या ज्वाळा. कुणीतरी म्हणतं, "अगदी आजोळची चूल आठवली हो!" आणि बाकीचे माना डोलावतात. माझा वाद नेमका इथेच आहे.

आजोळची चूल कुणाला आठवते? ओटीवर बसून गरम भाकरीची वाट पाहणाऱ्याला! हातात फुंकणी घेऊन, पदराने डोळे पुसत ओल्या सरपणाशी झगडणाऱ्या आजीला कुणी विचारलं होतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्या धुरातून बाई सुटावी म्हणून आपल्या देशात किती खटपट झाली आहे! पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या 'आरती' संस्थेने सुधारित चुली, उसाच्या पाचटाचा कोळसा, घरगुती बायोगॅस यांवर वर्षानुवर्षं काम केलं. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली ती याचसाठी. आणि आपण? आपण डॉलर मोजून चूल पुन्हा घरात आणतो आणि तिला 'अँबियन्स' म्हणतो.

धुराड्याची जाण आपल्याला नव्हती असं मात्र नाही. आपला तांब्याचा बंब आठवा. मधोमध नळा, भोवती पाणी, खाली चार ढलप्या. नळा ओढतो तोवर बंब पेटतो, नळा काजळीने भरला की न्हाणीघरात धूर कोंडतो. वूड स्टोव्हचं सगळं शास्त्र एवढंच आहे. पण आपले लोक दुकानात तीन तास स्टोव्हचा रंग निवडतात आणि चिमणीबद्दल एक प्रश्न विचारत नाहीत.

गैरसमज नको. लाकडाच्या स्टोव्हला माझा सरसकट विरोध नाही. डिसेंबर २००८ चं बर्फाचं वादळ इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. एकट्या न्यू हॅम्पशायरमध्ये चार लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि काही घरं जवळजवळ दोन आठवडे अंधारात होती. ऑइलची टाकी भरलेली, पण बर्नर आणि पंप विजेवर चालतो. अशा वेळी ज्याच्याकडे नीट बसवलेला स्टोव्ह, त्याचंच घर ऊबदार. ही गरज खरी आहे. गंमत अशी की याच कारणासाठी काही जण पेलेट स्टोव्ह घेतात. त्यातल्या गोळ्या पुढे ढकलणारा स्क्रू आणि पंखा विजेवरच चालतो, त्यामुळे बॅटरी किंवा जनरेटर नसेल तर वीज गेली की तोही गार!

तेव्हा घ्यायचा तर गरजेसाठी घ्या, आणि पैसा आधी चिमणीवर खर्च करा. आपल्यापैकी अनेकांची घरं साठ-सत्तरच्या दशकातली, वीटकामाच्या मोठ्या फायरप्लेसची. "धुराडं आहेच की," म्हणून त्यातच स्टोव्ह ढकलून देतात. त्या रुंद, थंड धुराड्यात धूर रेंगाळतो, गार होतो आणि भिंतींवर डांबरासारखा थर बसवतो. तोच क्रिओसोट. एखाद्या रात्री तो पेटला की चिमणी भट्टीसारखी घोंघावते. म्हणून स्टोव्हच्या तोंडाच्या मापाची, बहुधा सहा इंची, स्टेनलेस स्टीलची नळी थेट माथ्यापर्यंत घालून घ्यायची. चिमणी छपरातून जिथे बाहेर पडते तिथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही असेल त्याहून २ फूट उंच हवी. स्टोव्हपासून भिंत किती दूर हवी ते त्याच्या मागच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. पट्टीच नसेल तर ३६ इंच सोडायचे. एवढी जागा गेल्यावर दिवाणखान्यात सोफा कुठे जाणार, हे खरेदीआधी मोजा.

आणि कृपा करून 'जुगाड' नको. यार्ड सेलमध्ये स्वस्तात मिळालेला, १९८८ च्या नियमांच्याही आधीचा स्टोव्ह, मदतीला दोन मित्र, यूट्यूबचा एक व्हिडिओ, आणि परमिट? "कशाला उगाच टाउन हॉलच्या फेऱ्या!" परदेशात इतकी वर्षं राहून, कर वेळेवर भरून, घराच्या बाबतीतच आपल्याला ही हुशारी का सुचते? आग लागल्यावर इन्शुरन्सवाले पहिला कागद परमिटचा मागतील. शिवाय ते जुनं धूड तासाला १५ ते ३० ग्रॅम धूळकण ओकतं. १५ मे २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या स्टोव्हना मर्यादा आहे २ ग्रॅमची, कॉर्डवूडवर चाचणी केली असेल तर अडीच. अर्थात त्या शिक्क्यावरही डोळे मिटून विसंबू नका. शिक्का देणाऱ्या ईपीएच्या स्वतःच्याच महानिरीक्षकांनी २०२३ मध्ये या चाचण्या भरवशाच्या नाहीत असा अहवाल दिला आहे. चांगल्या स्टोव्हवर मिळणारी ३० टक्क्यांची कर-सवलतही ३१ डिसेंबर २०२५ ला संपली, तेव्हा त्या आमिषाने कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

आपली आणखी एक खोड म्हणजे सगळ्यात मोठं मॉडेल घेणं. "घेतोच आहोत तर मोठाच घेऊ." मग तासाभरात खोलीची भट्टी होते, हवेची झडप बंद केली जाते, लाकूड रात्रभर धुमसत राहतं आणि सगळा क्रिओसोट चिमणीत. छोटा स्टोव्ह रसरसून जळलेला बरा.

लाकडाबद्दल तर बोलायलाच नको. 'सुक्याबरोबर ओलंही जळतं' ही म्हण स्टोव्हजवळ ठेवू नका. इथे ओलं जळत नाही, नुसतं धुरतं. लाकडात पाणी २० टक्क्यांच्या खाली हवं. ते मोजायचा छोटा मीटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. कॉर्ड म्हणजे ४ बाय ४ बाय ८, अर्थात १२८ घनफूट. ट्रकवाला सैल ओतून जातो ती कॉर्ड नव्हे. सुक्या ओकची एक कॉर्ड चांगल्या स्टोव्हमध्ये साधारण १४० गॅलन ऑइलचं काम करते. हिशेब करा, त्यात फोडण्याची, रचण्याची आणि पाठदुखीची किंमत धरा. आणि दुसऱ्या गावाहून स्वस्त लाकूड आणू नका. २००८ मध्ये वूस्टरला आशियाई लांबशिंगी भुंगा सापडला आणि हजारो झाडं तोडावी लागली. असले किडे जळणाबरोबरच गावोगाव फिरतात.

शेजाऱ्यांचं काय? आपण काचेचं दार लावून आत बसतो. थंड, निवांत रात्री धूर खाली बसतो तो शेजारच्या मुलांच्या खिडकीपाशी. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात नव्या घरांत लाकूड जाळायचं साधन बसवायला २०१६ पासून बंदी आहे, ओरेगनमध्ये शिक्का नसलेला स्टोव्ह घर विकताना काढून टाकावा लागतो. वस्ती दाट असेल आणि घर गॅसवर चालत असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की स्टोव्ह घेऊ नका. घरात कुणाला दमा असेल, किंवा आई-बाबा हिवाळ्याचे सहा महिने येणार असतील, तर विषयच संपला. हौस म्हणून जाळायला फुप्फुसं आपल्या एकट्याची नसतात.

तरीही ज्यांनी ठरवलंच आहे त्यांनी प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा. मॅसॅच्युसेट्समध्ये यासाठी 'निकोल्स लॉ' करावा लागला तो २००५ च्या जानेवारीत प्लिमथमध्ये सात वर्षांच्या मुलीचा जीव गेल्यावर. बर्फाने बॉयलरचा व्हेंट बुजला होता आणि घरात अलार्म नव्हता. राख कागदी पिशवीत भरून डेकवर किंवा गराजमध्ये ठेवू नका. निखारा राखेखाली दिवसेंदिवस जिवंत राहतो. झाकणाची पत्र्याची बादली घ्या आणि ती घरापासून लांब ठेवा.

चिमणी साफ करणाऱ्याला मे-जूनमध्येच बोलवा; ऑक्टोबरात तो फोनही उचलत नाही. आणि यंदा जाळायला ओक हवा असेल तर तो दोन वर्षांपूर्वीच फोडून रचायला हवा होता. आता वाळलेला ॲश कुठे मिळतो का ते बघा, आणि पैसे देण्याआधी एक ओंडका फोडून आतल्या बाजूला मीटर लावा.