गोळी एकाची, भूक घराची

२०१८ च्या पावसाळ्यात मी विदर्भातल्या एका ग्रामीण शाखेत अधिकारी होतो. दर सोमवारी एक शेतमजूर माझ्या टेबलाशी येऊन उभा राही. त्याला क्षय झाला होता. त्या वर्षीच्या एप्रिलपासून सरकारने क्षयरुग्णाला आहारासाठी दरमहा ५०० रुपये थेट खात्यात द्यायला सुरुवात केली होती, आणि याच्या खात्यात काही ते पडत नव्हते. आधार कार्डावर एक नाव, पासबुकावर दुसरे. मी कागद मागत असे, तो आणत असे, आणि एखादा कागद कमीच पडत असे. पैसे जमा झाले तेव्हा त्याच्या गोळ्या संपत आल्या होत्या. मी एकही नियम मोडला नव्हता. आज तेच खुपते.

एकदा मी त्याला साहेबी थाटात म्हणालो, ‘पैसे आले की इकडेतिकडे घालवू नकोस. डाळ, अंडी खा.’ तो म्हणाला, ‘साहेब, डाळ शिजवली तर मी एकटाच खाऊ का? लेकरं ताटाकडे पाहतेत ना.’

या वाक्यात केवढे वैद्यकशास्त्र दडलेले होते, ते मला २०२३ च्या ऑगस्टमध्ये उमगले. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडच्या चार जिल्ह्यांत केलेल्या ‘रेशन्स’ या अभ्यासाचे निष्कर्ष तेव्हा ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे या अभ्यासात होती. रुग्णांना औषधाबरोबर शिधा सगळ्याच घरांत मिळाला. निम्म्याअधिक घरांत मात्र रुग्णाच्या कुटुंबीयांनाही माणशी दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या गेल्या. जिथे घरच्यांनाही शिधा मिळाला, तिथे त्यांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. थुंकीतून इतरांना लागण करणारा फुप्फुसाचा क्षय तर ४८ टक्क्यांनी. नवी लस नाही, नवे यंत्र नाही. फक्त भात आणि वरण!

यात चमत्कार काही नाही. क्षयाचे जंतू आपल्याकडे असंख्य लोकांच्या शरीरात निपचित पडून असतात. अंगात ताकद आहे तोवर ते दबून राहतात; माणूस खंगला की डोके वर काढतात. झारखंडमधल्या या रुग्णांपैकी पाचांतले चार कुपोषित होते. उपचारांच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला.

मग इतकी साधी गोष्ट आपण विसरलो कशी? त्याचे मूळ एका अत्यंत चांगल्या संशोधनात आहे. एके काळी क्षयरोग्याला सॅनेटोरियममध्ये ठेवत. मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी हाच उपचार. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग औषधोपचार केंद्र निघाले. तिथे वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरातच ठेवून तीच औषधे दिली. घरच्यांचे जेवण निकृष्ट होते, तरी तेही जवळजवळ तितकेच बरे झाले. १९५९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या सॅनेटोरियमांचे दिवस भरले. गरिबाला घरबसल्या उपचार मिळू लागले, हे मद्रासचे मोठेच ऋण.

पण मद्रासने उत्तर दिले ते एका प्रश्नाचे: झालेला क्षय बरा कशाने होतो? आपण ते उत्तर दुसऱ्याही प्रश्नाला चिकटवले: घरातल्या पुढच्या माणसाला क्षय होऊ नये म्हणून काय करायचे? औषधाच्या यादीतून ताट बाहेर पडले ते असे.

आता जमाखर्च पाहू. २०२५ पर्यंत देशातला क्षय २०१५ च्या तुलनेत ८० टक्क्यांनी घटवायचा, असे आपले उद्दिष्ट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२४ पर्यंत घट झाली ती सुमारे २१ टक्के. ही घट क्षुल्लक नव्हे. पण जगातल्या चार नव्या क्षयरुग्णांमागे एक अजूनही आपला आहे.

सरकार स्वस्थ बसलेले नाही, हेही नोंदवले पाहिजे. नोव्हेंबर २०२४ पासून ५०० चे १,००० रुपये झाले. पण ते रुग्णाचे. त्याच्या कुटुंबाचा शिधा सोपवला आहे ‘नि-क्षय मित्र’ म्हणवणाऱ्या दात्यांवर. म्हणजे रुग्णाचा घास हा हक्क आणि लेकरांचा घास हे दान. दाता भेटला तर घास मिळेल, नाही तर नाही. ज्या घासाने रोग टळतो हे आपल्याच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या अभ्यासातून सिद्ध झाले, नेमका तोच आपण ऐच्छिक ठेवला.

आयुष्यभर बँकेत घालवलेल्या माणसाने म्हणू नये, पण म्हणतो: हे काम बँकेचे नाही, रेशन दुकानाचे आहे. घरात क्षयाचे निदान झाले की त्या कार्डावर सहा महिने धान्य वाढवून द्यावे आणि डाळ जोडावी. डाळीला पासबुकावरचे नाव जुळावे लागत नाही. झारखंडच्या अभ्यासाचा हिशेब असा, की तीस घरांना शिधा दिला तर एक क्षय टळतो. टळलेल्या त्या एका क्षयामागे सहा महिन्यांची औषधे, बुडालेली मजुरी आणि पुढची लागण हे सारेच वाचते. कर्ज मंजूर करताना मी याहून कच्च्या हिशेबांवर सह्या केल्या आहेत.

अर्थात अन्न हे औषधाला पर्याय नव्हे. मधुमेह, तंबाखू, दारू, कोंदट घरे हीही कारणे आहेतच, आणि झारखंडच्या गरीब घरांत जे दिसले ते मुंबईच्या चाळीत तंतोतंत तसेच दिसेल, असे कोणी डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. पण जिथे माणसे खंगलेली आहेत, तिथे तरी थांबण्याचे कारण काय?

तो मजूर बरा झाला. शेवटचा आला तेव्हा त्याने सगळे पैसे एकदम काढले. मी विचारले, ‘काय घेणार?’ म्हणाला, ‘किराणा.’ त्याची लेकरे पुढे कशी आहेत, हे मी कधी विचारले नाही. तो रकाना आमच्या फॉर्ममध्ये नव्हता.