काही करत नाही हो तो!

आज जरा भांडायचंच आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

आमची चिमी तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. पांढरी, झुपकेदार, पॉमेरेनियन म्हणून आणलेली. वजन पाच किलो, वय चार वर्षं. लेक परदेशी गेली तेव्हा तिचं बिऱ्हाड वाटलं गेलं. मिक्सर धाकट्या जाऊबाईंकडे गेला आणि चिमी माझ्याकडे आली. घरात ती वाघीण. इस्त्रीवाला, पेपरवाला, सिलिंडरवाला, कुणाची हिंमत नाही दारात फार वेळ उभं राहायची. पण रस्त्यावर मोठं कुत्रं दिसलं की संपलं! शेपूट पोटाखाली, कान मागे, अंगाला कापरं.

गेल्या दिवाळीत सगळे आमच्याकडे जमले होते. आमचे धाकटे भावजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही हिला लाडावून ठेवलंय. एकदा मोठ्या कुत्र्याशी गाठ घालून द्या, भीड चेपेल." आणि माझ्या हातातली दोरी घेऊन तिला शेजारच्या लॅब्रॅडॉरसमोर ओढत नेलंसुद्धा. लॅब्रॅडॉर बिचारा स्वभावाने गरीब. त्याने खेळायच्या हिशेबाने तिच्या पाठीवर पंजा ठेवला. चिमी किंचाळली, तिथेच घाण केली आणि गळ्यातल्या पट्ट्यातून मान काढून पळाली ती थेट रस्त्यावर. एका स्कूटरवाल्याने ब्रेक लावला म्हणून आज हे लिहिते आहे. पुढे तीन आठवडे ती जिना उतरायला तयार नव्हती.

भावजी, तुम्ही हे वाचता हे मला ठाऊक आहे. राग तुमच्यावर नाही, त्या विचारावर आहे. तो विचार आपल्या घराघरांत मुरलेला आहे. घाबरणाऱ्याला ढकला, म्हणजे तो शूर होतो!

यावर हमखास दिला जाणारा दाखला म्हणजे विहिरीचा. "आम्हाला काकांनी विहिरीत ढकललं आणि आलं की पोहायला." अहो, पण ढकलण्याआधी पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा पत्र्याचा डबा बांधला होता ना? खाली पाण्यात कुणीतरी पट्टीचा पोहणारा उभा होता ना? ढकलणं तेवढं लक्षात राहतं, भोपळा विसरला जातो. आणि ज्यांनी त्या दिवसापासून जन्मभर पाण्यात पाय घातला नाही, ते काही लग्नकार्यात बसून ही गोष्ट रंगवून सांगत नाहीत. त्यामुळे आपल्या कानावर येतात ते फक्त तरलेले.

दुसरं म्हणणं असं, की घाबरलेल्याला जवळ घेतलं तर भीती वाढते, भीतीला बक्षीस मिळतं. हे तर मी माझ्या सहकाऱ्यांकडून चाळीस वर्षं ऐकलं. पण भीती म्हणजे काही खोडी नाही, की पेढा दिला म्हणून पुन्हा करावीशी वाटेल. तुम्हाला विंचू दिसला आणि मी तुमचा हात धरला, तर उद्या तुम्ही मुद्दाम विंचवाला जास्त घाबराल का? चिमी पायाशी आली तर तिला जरूर जवळ घ्यावं. फक्त आपण स्वतः दचकून, दोरी आवळून, "अगं बाई, आला आला!" असं ओरडत उचलू नये. तिला आपल्या हातातून कळतं की खरंच काहीतरी भयंकर आलंय. माझी ही चूक व्हायची, कबूल करते.

आता जरा पुस्तकातलं. बी.एड.ला आम्हाला पावलॉव्हचा कुत्रा होता आणि वॉटसनचा छोटा अल्बर्ट होता. १९२० साली छापून आलेला तो प्रयोग. बाळाला पांढरा उंदीर दाखवायचा आणि मागे लोखंडी कांबीवर हातोडा हाणायचा. बाळ उंदराला घाबरायला लागलं. ती भीती मग काढून टाकायची मात्र राहूनच गेली. हे मी पाठ करून लिहिलं आणि गुणही मिळवले. पण चारच वर्षांनी, १९२४ मध्ये, मेरी कव्हर जोन्स या बाईंनी पीटर नावाच्या छोट्या मुलाची सशाची भीती कशी घालवली ते प्रसिद्ध केलं. पीटर आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा आणि तो खाणं सोडणार नाही इतक्याच बेताने रोज थोडा जवळ आणायचा. शेवटी तो सशाला स्वतःची बोटं कुरतडू द्यायला लागला. भीती घालण्याचा प्रयोग मला तोंडपाठ होता आणि भीती काढण्याचा मला नातवंडं झाल्यावर कळला. ही आपल्या शिक्षणाची तऱ्हा!

आणि याची किंमत कुत्र्याच्या आधी एका मुलाने मोजली. १९८३ची गोष्ट. पाचवीच्या वर्गात एक मुलगा बोलताना अडखळायचा. त्याची भीड चेपावी म्हणून मी त्याला रोज उभं करून एक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावायची. मुलं हसायची, मी मुलांना दटावायची आणि त्याला म्हणायची, "हं, पुढे." दुसऱ्या आठवड्यात त्याला नेमकी मराठीच्या तासाला लघवी लागायला लागली. तिसऱ्या आठवड्यात तो शाळेत यायचाच बंद झाला. सहामाहीनंतर दाखला काढून नेला. आई म्हणाली, "बाई, तुम्ही त्याच्या भल्यासाठीच करत होता." ते वाक्य मला आजही शिव्यांपेक्षा जास्त लागतं. पंधराएक वर्षांनी तो मला बाजारात दिसला. चांगला उंचापुरा झाला होता. मला पाहिलं, ओळखलं, आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

चिमी अगदी तसाच रस्ता ओलांडते. म्हणून या विषयावर मी गप्प बसणार नाही.

असो. नुसतं भांडून काय उपयोग, काय केलं तेही सांगते. आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं, कारण कुठे दुखत असेल तर कुत्रं जास्त घाबरतं. मग गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीवरून येणारा हार्नेस घेतला, म्हणजे मान निसटत नाही आणि ओढ बसली तरी गळा आवळत नाही. लॅब्रॅडॉरच्या मालकीणबाईंशी बोलले. त्या त्याला दोरी लावून मैदानाच्या एका टोकाला उभ्या राहायच्या आणि आम्ही दुसऱ्या टोकाला. तो दिसला की पनीरचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा, तो आड झाला की पनीर बंद. हा क्रम महत्त्वाचा. आधी कुत्रा, मग खाऊ. उलट केलं तर पनीरचाच संशय यायला लागतो.

अंतर किती ठेवायचं, ते मोजपट्टी सांगत नाही, चिमी सांगते. ओठ चाटायला लागली, उगाच जांभया द्यायला लागली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, मान फिरवली, तर आपण फार जवळ आलो. पनीर नाकारलं तर फारच जवळ. मग मुकाट्याने मागे जायचं. त्यात कमीपणा काही नाही. रोज दहा मिनिटं, जास्त नाही. महिन्याभराने दोघांना एकाच दिशेने, मध्ये भरपूर जागा सोडून चालवलं. समोरासमोर कधीच आणायचं नाही. कुत्र्यांच्या रीतीत सरळ अंगावर चालत येणं हा उद्धटपणा असतो.

सहा महिने झाले. चिमी आता लॅब्रॅडॉरपासून पाच पावलांवरून शेपूट वर ठेवून जाते. परवा तिने स्वतःहून त्याच्या मागच्या पायाचा वास घेतला, तीन सेकंद, आणि परत माझ्याकडे आली. मला सेवानिवृत्तीच्या सत्काराच्या दिवशी झाला नव्हता इतका आनंद झाला. कोपऱ्यावरची चार भटकी कुत्री एकत्र दिसली की मात्र आम्ही अजूनही पलीकडच्या बाजूने जातो. जाऊ. तिथे तिचं घाबरणं शहाणपणाचंच आहे.

शेवटचा शब्द मोठ्या कुत्र्यांच्या मालकांसाठी. दोरी न लावता कुत्रं सोडायचं, ते आमच्या अंगावर धावत आलं की लांबून ओरडायचं, "काही करत नाही हो तो!" तुमचा तीस किलोचा, आमची पाच किलोची. सहापट. माझं वजन पंचावन्न किलो. म्हणजे तीनशे तीस किलोची गाय माझ्यावर चौखूर धावत आली आणि तिचा मालक बांधावरून म्हणाला, "काही करत नाही हो ती!", तर मी काय तिथेच उभी राहून नमस्कार करू? तो काय करतो हा प्रश्नच नाही. हिला काय वाटतं हा प्रश्न आहे.

जवळ जायचं की नाही, आणि कधी, हे घाबरणाऱ्याने ठरवायचं. मोठ्यांनी, मग ते कुत्रे असोत, काका असोत की बाई, लांब उभं राहून वाट पाहायची. मला हे बाहत्तराव्या वर्षी एका पाच किलोच्या जिवाने शिकवलं. तुम्हाला जरा लवकर कळावं एवढीच इच्छा.

भावजी, पुढच्या दिवाळीला जरूर या. पनीर तुमच्या हातात देईन, दोरी देणार नाही.